प्रवाळांवरील जैवविविधता प्रमाणित पद्धतीने कशी मोजावी : मालवणच्या पाण्यासाठी मार्गदर्शन

एखाद्या जागी जिवंत प्रवाळांचे आच्छादन तीस टक्के आहे आणि माशांच्या चाळीस जाती आढळल्या, हे विधान ऐकायला पक्के वाटते. पण ती टक्केवारी किती लांबीच्या रेषेवरून काढली, किती खोलीवर काढली, मासे मोजणाऱ्याने किती रुंद पट्ट्यात पाहिले आणि त्या दिवशी पाण्यात किती अंतरावरचे दिसत होते, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्या विधानाची तुलना पुढच्या वर्षीच्या कोणत्याही आकड्याशी करता येत नाही. समुद्राखालची मोजणी ही जेवढी प्रवाळांवर अवलंबून असते तेवढीच मोजणाऱ्यावरही अवलंबून असते, आणि प्रमाणित पद्धतींचा सारा खटाटोप मोजणाऱ्याचा हा वाटा दर वेळी सारखा ठेवण्यासाठी असतो. पुढील विवेचन सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा किनारा समोर ठेवून केले आहे, कारण जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धती बहुतांशी स्वच्छ, नितळ पाण्यातल्या सलग प्रवाळभित्तींसाठी आखल्या गेल्या आहेत आणि मालवणात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या खडकांवर प्रवाळांची जी वसाहत आहे ती लक्षद्वीपसारखी सलग भित्ती नसून खडकांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आहे. पोराइट्स, फॅव्हाइट्स, गोनियास्ट्रिया, टर्बिनेरिया अशा, दगडाला चिकटून पसरणाऱ्या, गोलसर ढिगासारख्या किंवा पानासारख्या थरांनी वाढणाऱ्या, गाळ सहन करणाऱ्या वंशांचा येथे भरणा आहे. याचा मोजणीवर थेट परिणाम होतो. शंभर मीटरची सरळ रेषा एकाच खोलीवर टाकायला गेल्यास तिचा बराचसा भाग वाळूवर पडतो आणि आच्छादनाचा आकडा प्रवाळांच्या प्रकृतीपेक्षा खडकाच्या आकारावरच ठरतो.

परवानगी, हंगाम आणि भरतीचे वेळापत्रक

सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे प्रवाळाचा तुकडा तोडणे तर सोडाच, किनाऱ्यावर वाहून आलेला मृत सांगाडा अभ्यासासाठी घरी नेणेही कायद्यात बसत नाही. अभयारण्याच्या हद्दीत केवळ पाहणी करायची असली तरी वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी, आणि नमुने घेणे, खुणेच्या खुंट्या ठोकणे किंवा तळाशी कोणतीही वस्तू ठेवणे यांचा उल्लेख अर्जात स्वतंत्रपणे करावा. खुंट्यांचा मुद्दा अर्जात हमखास राहून जातो आणि काम सुरू झाल्यावर त्यावरूनच अडते.

जून ते सप्टेंबर या काळात पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यानंतर नद्यांनी आणलेला गाळ बसायला वेळ लागतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोजणीसाठी सर्वांत विश्वासार्ह काळ ठरतो. मात्र उन्हाचा ताण आणि प्रवाळांचे विरंजन, म्हणजे ताणामुळे त्यांचे पांढरे पडणे, पाहायचे असेल तर एप्रिल-मेमधील दुसरी फेरीही आखावी लागते. या दोन्ही फेऱ्या स्वतंत्र मालिका म्हणून ठेवाव्यात; जानेवारीचा आकडा मेच्या आकड्यासमोर मांडून घट झाली म्हणणे चुकीचे आहे.

तारखा ठरवताना पंचांग जवळ असावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाचे पाणी तळाचा गाळ ढवळून काढते आणि प्रवाहही जोराचा असतो. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, पाणी तुलनेने शांत असते. त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी थांबते त्या सुमारास बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते, म्हणून प्रत्यक्ष मोजणी त्या वेळेच्या दोन्ही बाजूंना बसवावी. ही वेळ सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान यावी असे दिवस निवडले की प्रकाशही साधतो. कोणत्या खडकावर कोणत्या वाऱ्यात पाणी गढूळ होते हे स्थानिक मच्छीमार आणि होडीचे तांडेल यांना नेमके ठाऊक असते, आणि या बाबतीत त्यांचा सल्ला कोणत्याही हवामान ॲपपेक्षा अधिक उपयोगाचा असतो.

पद्धत निवडताना

तळाचे आच्छादन मोजण्यासाठी तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत टेप अंथरून त्याखाली येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात आणि शेवट सेंटिमीटरमध्ये लिहिले जातात. ही पद्धत तपशीलवार आहे, पण पाण्याखाली फार वेळ खाते. दुसरीत टेपवर ठरावीक अंतराने येणाऱ्या बिंदूंखाली काय आहे एवढेच लिहायचे असते. तिसरीत चौकटीचे फोटो काढून मोजणी नंतर संगणकावर होते. १९९७ पासून जगभर स्वयंसेवकांकरवी चालणाऱ्या रीफ चेक या कार्यक्रमाने दुसरी पद्धत स्वीकारली आहे. तिच्यात शंभर मीटरच्या रेषेवर वीस मीटरचे चार भाग घेतले जातात, दोन भागांमध्ये पाच मीटरचे अंतर सोडले जाते आणि दर अर्ध्या मीटरवर एक बिंदू नोंदवला जातो. म्हणजे एका भागात ४० आणि एकूण १६० नोंदी होतात. नवीन गटाने येथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण वर्ग मोजके असल्यामुळे चुका कमी होतात आणि चार दिवसांच्या प्रशिक्षणात दोन माणसांच्या नोंदी जुळू लागतात.

मालवणात शंभर मीटरचा सलग खडक मिळत नसेल तर वीस मीटरच्या चार स्वतंत्र रेषा, शक्यतो एकाच खोलीवर आणि एकमेकींपासून किमान पाच मीटर अंतर राखून, टाकाव्यात. हा बदल मान्य होण्यासारखा आहे. अट एवढीच की तो पहिल्या फेरीआधी लेखी ठरावा आणि नंतर कधीही बदलू नये. पहिल्या वर्षी वीस मीटर, दुसऱ्या वर्षी पाणी स्वच्छ मिळाले म्हणून तीस मीटर, असे केल्यास जातींची संख्या वाढलेली दिसेल आणि ती वाढ केवळ टेपच्या लांबीची असेल.

रेषेची जागा दिसेल त्या सुंदर प्रवाळावरून निवडणे हा सर्वांत मोठा मोह आहे आणि तो टाळलाच पाहिजे. होडीवर असतानाच नकाशावर खडकाची हद्द आखून, तिच्या आत यादृच्छिक क्रमांकांनी सुरुवातीचे बिंदू काढावेत आणि जीपीएसवर त्या ठिकाणी बोया सोडावा. कालांतराने होणारा बदल पाहणे हाच हेतू असेल तर रेषेच्या दोन टोकांना आणि मध्ये, प्रवाळ नसलेल्या खडकात, गंज न धरणाऱ्या पोलादाच्या खुंट्या ठोकून रेषा कायमची करावी. कायम रेषेवर बदल लवकर लक्षात येतो, परंतु ती संपूर्ण खडकाचे प्रतिनिधित्व करतेच असे नाही; म्हणून दोन्ही प्रकारच्या रेषांचे निकाल कधीही एकत्र करू नयेत.

टेपखालचे वाचन

टेप फायबरग्लासचा असावा आणि तो तळाला घासून, ताठ पण प्रवाळाला न ओरबाडता अंथरावा. लाटेने तो हलत असेल तर दर काही मीटरवर शिशाचे छोटे वजन ठेवावे. नोंद करणाऱ्याने प्रत्येक अर्ध्या मीटरच्या खुणेवर ओळंबा सोडावा. दोरीला नट बांधलेला साधा ओळंबाही पुरतो. तो टेकेल तेच लिहावे. डोळ्यांनी अंदाज घेतल्यास नजर नकळत रंगीत, जिवंत गोष्टीकडे सरकते आणि वाळू किंवा गाळाच्या नोंदी कमी होतात.

रीफ चेकच्या दहा वर्गांत कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, अलीकडे मृत झालेले प्रवाळ, पोषकद्रव्ये वाढल्याची खूण मानले जाणारे शैवाल, स्पंज, खडक, तुटलेले तुकडे, वाळू, गाळ आणि इतर यांचा समावेश होतो. यांपैकी तीन ठिकाणी मालवणात घोटाळा होतो. विरंजित प्रवाळ पांढरे दिसले तरी जिवंत असते. जवळून पाहिल्यास पारदर्शक ऊती आणि पॉलिपचे, म्हणजे वसाहतीतल्या इवल्या जीवांचे, तंतू दिसतात, आणि त्याची नोंद कठीण प्रवाळ म्हणूनच करून विरंजनाची टक्केवारी वेगळ्या रकान्यात लिहायची असते. अलीकडे मृत झालेल्या प्रवाळात सांगाड्याची नक्षी स्पष्ट राहते, पण ऊती नसतात आणि पातळ शैवाल चढू लागलेले असते. नक्षी झिजलेली असेल तर तो खडक. तिसरा घोटाळा गाळाचा आहे. खडकावर पातळ थर असेल आणि हाताने वारा घातल्यावर खालचा खडक दिसत असेल तर नोंद खडकाची करावी. गाळ उडाल्यानंतरही बराच वेळ पाण्यात तरंगत राहत असेल आणि खाली कठीण काही लागत नसेल तरच गाळ लिहावा. हा नियम नोंदपत्रकाच्या माथ्यावर छापून घ्यावा, कारण पाण्याखाली प्रत्येक जण स्वतःचा नियम बनवतो.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. समजा १६० बिंदूंपैकी १६ बिंदू कठीण प्रवाळावर पडले, म्हणजे आच्छादन दहा टक्के आले. प्रत्येक बिंदू स्वतंत्र मानला तरी या अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे २.४ टक्के येते, म्हणजेच खरी किंमत साधारण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एकाच रेषेवरचे शेजारचे बिंदू एकाच वसाहतीवर पडत असल्याने ते खरोखर स्वतंत्र नसतात आणि प्रत्यक्षातील अनिश्चितता याहून मोठी असते. पुढच्या वर्षी तेरा टक्के आले म्हणून प्रवाळ वाढले असे जाहीर करणे या आकड्यांवर शक्य नाही. म्हणून एकाच जागी बिंदू वाढवण्यापेक्षा रेषांची संख्या वाढवावी, आणि विश्लेषणात प्रत्येक वीस मीटरची रेषा हा एक नमुना धरावा.

मासे

क्रमाच्या दृष्टीने मासे आधी मोजायचे असतात. टेप अंथरल्यावर मासे बिथरतात, म्हणून रीफ चेकच्या नियमानुसार सुमारे पंधरा मिनिटे थांबून मगच मोजणाऱ्याने एकट्याने रेषेवरून पुढे सरकावे. पट्टा पाच मीटर रुंद असतो, म्हणजे रेषेच्या प्रत्येक बाजूस अडीच मीटर, आणि उंचीही पाच मीटर धरतात. टास्मानियात सुरू झालेल्या रीफ लाइफ सर्व्हेच्या पद्धतीत रेषा पन्नास मीटरची असते, तिच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच मीटर रुंद पट्टे स्वतंत्रपणे मोजले जातात, आणि दिसलेल्या प्रत्येक जातीची नोंद केली जाते. या दुसऱ्या पद्धतीतून जैवविविधतेचे चित्र अधिक पूर्ण मिळते, परंतु तिला माशांची उत्तम ओळख असलेला निरीक्षक लागतो.

कोणतीही पद्धत घेतली तरी दृश्यमानता ही पट्ट्याच्या एका बाजूच्या रुंदीपेक्षा स्पष्टपणे जास्त असली पाहिजे. मालवणात दोन-तीन मीटरवरचे धूसर होते असे दिवस हंगामातही येतात, आणि अशा दिवशी पाच मीटर रुंद पट्टा मोजल्याचे लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या पाण्यात मासे नव्हते असे लिहिणे होय. म्हणून येथे दोन मीटर रुंदीचा पट्टा कायमचा ठरवावा, दर वेळी टेपवर खूण दिसेनाशी होईपर्यंत मागे सरकून दृश्यमानता मोजावी, ती पत्रकावर लिहावी, आणि ती तीन मीटरपेक्षा कमी भरल्यास माशांची मोजणी त्या दिवशी रद्द करावी. होडीचे भाडे वाया गेल्याची हळहळ त्या दिवशी वाटतेच, पण खोटी नोंद मालिकेत कायमची राहते.

लांबीचा अंदाज हा सरावाचा विषय आहे. पाण्यात मुखवट्यातून पाहताना वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात. त्यामुळे वेगवेगळ्या लांबीचे पीव्हीसी नळीचे तुकडे दोरीला बांधून पाण्यात सोडावेत, प्रत्येकाने त्यांची लांबी अंदाजाने लिहावी आणि वर आल्यावर ताडून पाहावे. चूक दहा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय कोणालाही मासे मोजायला सोडू नये. लांबी का हवी, तर वजनाचा अंदाज तिच्यावरून निघतो, आणि मासेमारीचा ताण संख्येपेक्षा वजनात आधी दिसतो. गोबरा आणि तांबोशी यांची संख्या टिकून राहिली तरी मोठे मासे नाहीसे झालेले असू शकतात. रीफ चेकमध्ये गोबऱ्याच्या कुळातील तीस सेंटिमीटरहून मोठेच मासे मोजायचे असतात, ते याच कारणाने.

थवा आला की मोजणारे गोंधळतात. अशा वेळी दहाच्या एका गटाने डोळ्यांत किती जागा व्यापली ते पाहून त्या मापाने थवा मोजावा, आणि मागून येऊन पुढे जाणारे मासे मोजू नयेत.

कपारींत राहणारे

परतीच्या वाटेवर त्याच रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरच्या पट्ट्यात शेवंड, समुद्रकाकड्या, सी अर्चिन, शंख, तारामासे आणि कपारींत दडणारे छोटे मासे शोधावेत. टॉर्च वापरावा; दगड उलटू नयेत. हे काम सावकाश होते आणि हवेची टाकी येथेच संपते, म्हणून किती मिनिटे शोध घेतला हे लिहून ठेवावे.

तरीही सांगायला हवे की माणसाच्या डोळ्यांना दिसणारी विविधता हा प्रवाळांवरील एकूण विविधतेचा लहानसा भाग आहे. खेकडे, झिंगे, कृमी, स्पंज आणि इवल्या गोगलगाई फटींच्या आत असतात. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या नोआ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीव्हीसी पत्र्यांची एक रचना विकसित केली असून ती आर्म्स या नावाने ओळखली जाते. साडेबावीस सेंटिमीटर बाजूचे चौरस पत्रे एकावर एक अंतर सोडून बसवतात, काही थर उघडे आणि काही अंशतः बंद ठेवतात, आणि ही रचना तळाशी एक ते तीन वर्षे पक्की बांधून ठेवतात. फटी शोधणारे जीव स्वतःहून तिच्यात वस्तीला येतात. काढताना तिच्यावर बारीक जाळीचे झाकण पाण्याखालीच घालावे लागते, नाहीतर उचलतानाच निम्मे रहिवासी पळून जातात. वर आणल्यावर प्रत्येक पत्र्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे, हलते जीव चाळण्यांतून आकारानुसार वेगळे करायचे, दोन मिलिमीटरहून मोठ्यांची एकेक करून ओळख पटवायची आणि लहान भागाची तसेच पत्र्यांवरून खरवडलेल्या थराची डीएनए तपासणी करायची, असा क्रम आहे. एका जागी तीन संच ठेवण्याची रीत आहे. पत्र्यांचे क्षेत्रफळ आणि रचना जगभर सारखी असल्याने येथला निकाल तांबड्या समुद्रातल्या किंवा हवाईतल्या निकालाशी थेट ताडता येतो, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र मालवणसारख्या मासेमारीच्या जाळ्यांनी भरलेल्या पाण्यात ही रचना दोन वर्षे जागेवर राहील अशी जागा शोधणे हेच अर्धे काम असते, आणि मच्छीमार सोसायटीशी आधी बोलल्याशिवाय ती ठेवू नये.

पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून जाती शोधण्याची पद्धतही आता आवाक्यात आली आहे. भरतीचे पाणी दूरवरचे डीएनए घेऊन येते आणि भारतीय किनाऱ्यावरील अनेक जीवांचे, ओळख पटवण्यासाठी लागणारे डीएनएचे संदर्भ-क्रम अजून संग्रहांत नाहीत. म्हणून ही पद्धत मोजणीला पूरक ठेवावी, तिच्याऐवजी वापरू नये.

फोटो

रेषेवर दर अडीच मीटरला अर्ध्या मीटर बाजूच्या चौकटीचा एक फोटो तळाशी काटकोनात घ्यावा. लाल रंग थोड्याच खोलीवर नाहीसा होतो, त्यामुळे पांढऱ्या पाटीवर रंगसंतुलन करून घ्यावे, आणि गढूळ पाण्यात फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर धरावा. पुढे कोरलनेटसारख्या संगणकीय साधनावर प्रत्येक फोटोवर पन्नास यादृच्छिक बिंदू टाकून वर्ग ठरवता येतात. साधनाने सुचवलेले वर्ग मालवणच्या फोटोंवर आधी स्वतः तपासलेल्या काही शे बिंदूंशी ताडल्याशिवाय स्वीकारू नयेत. स्वच्छ पाण्यातील फोटोंवर शिकलेली यंत्रणा गाळाने माखलेल्या गोनियास्ट्रियाला सहज खडक ठरवते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळालेला आंग्रिया बँक हा बुडीत पठाराचा प्रदेश आहे. तेथे काम करायचे झाल्यास फोटोची पद्धतच सर्वांत योग्य ठरते. पाणी नितळ असले तरी माथा वीस मीटर किंवा त्याहून खोल आहे, तळाशी थांबण्याची मुभा मिनिटांत मोजावी लागते, आणि बिंदू वाचत बसण्यापेक्षा फोटो घेऊन वर येणे शहाणपणाचे असते.

नावे आणि नोंदी

प्रजातीची ओळख खात्रीची नसेल तर वंशापर्यंत थांबावे. खोट्या नेमकेपणाने यादी लांबते आणि निरुपयोगी होते. जुन्या याद्यांशी तुलना करताना वर्गीकरणातले बदल तपासावेत: हिंदी-प्रशांत महासागरांतील ज्या प्रवाळांना पूर्वी फॅव्हिया म्हणत, त्यांना आता डिप्सॅस्ट्रिया या वंशात ठेवले जाते. हे लक्षात घेतले नाही तर एक प्रजाती नष्ट झाली आणि एक नवी आली असे दोन खोटे शोध एकाच दिवशी लागतात. सागरी जीवांच्या नावांची जागतिक नोंदवही, जी वर्म्स या नावाने परिचित आहे, तिच्यातील स्वीकृत नाव आणि ओळखक्रमांक प्रत्येक नोंदीसमोर लिहावा.

प्रत्येक रेषेसाठी तारीख, वेळ, भरतीची स्थिती, जीपीएस, खोली, दृश्यमानता, तापमान, पद्धतीची आवृत्ती आणि निरीक्षकाचे सांकेतिक नाव हे रकाने भरलेले असावेत. तळाशी तापमान टिपणारे छोटे यंत्र कायम ठेवल्यास विरंजनाचा अर्थ लावणे सोपे होते, कारण उपग्रहाचे आकडे पृष्ठभागाचे असतात आणि किल्ल्यालगतच्या दोन-तीन मीटर पाण्यात ते नेमके लागू पडतातच असे नाही. पाटीवरच्या मूळ नोंदीचा फोटो किनाऱ्यावर पोहोचताच घ्यावा, आणि त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून, एकाने वाचून व दुसऱ्याने लिहून, ती संगणकावर चढवावी.

तक्ता भरताना शून्य आणि रिकामी जागा यांत फरक ठेवावा. पट्टा पूर्ण पाहिला आणि शेवंड आढळले नाही तर शून्य लिहावे. गढूळ पाण्यामुळे किंवा हवा संपल्यामुळे पट्टा पाहिलाच नाही तर रकाना रिकामा ठेवून कारण शेजारी लिहावे.